विद्यार्थी-प्रयोगशाळेतील सुरक्षितता

विद्यार्थी-प्रयोगशाळेतील सुरक्षितता : शाळा व महाविद्यालये यांच्या विज्ञान प्रयोगशाळांत काम करणारे विद्यार्थी, शिक्षक व साहाय्यक यांना इजा होऊ नये, आग, स्फोट, विषबाधा, विजेचा धक्का यांसारखे अपघात टळावेत आणि ते घडलेच, तर त्यांचे परिणाम मर्यादित राहावेत, यांसाठी योजावयाचे उपाय. कारखान्यातील सुरक्षिततेपेक्षा हा विषय काही बाबतींत निराळा आहे. कारखान्यात एकच प्रक्रिया तेच कामगार वर्षानुवर्षे करीत असतात. विद्यार्थी-प्रयोगशाळेत मात्र दर दोन तासांनी नवा गट येतो, बहुतेकांच्या हातून ती कृती प्रथमच घडत असते आणि वीस-पंचवीस जण ती एकाच वेळी, घड्याळाकडे पाहत, उरकत असतात. पदार्थांचे प्रमाण कारखान्याच्या मानाने अत्यल्प असते, पण त्यांची विविधता मोठी असते. लवणांच्या गुणात्मक विश्लेषणाच्या एका टेबलावर संहत अम्ले, दाहक क्षारक, ज्वालाग्राही द्रव व विषारी धातूंची संयुगे एकमेकांपासून हातभर अंतरावर मांडलेली असतात. अशा ठिकाणी भिंतीवरची नियमांची पाटी आवश्यक असली, तरी पुरेशी ठरत नाही. नियमामागील कारण ठाऊक असलेला विद्यार्थी पाटीवर नसलेल्या प्रसंगीही योग्य ते करतो; कारण ठाऊक नसलेला पाटीवरील नियमही घाईत मोडतो.

पूर्वेतिहास : एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत चव घेणे व वास घेणे ही रासायनिक परीक्षणाची नित्याची साधने होती. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ कार्ल व्हिल्हेल्म शेले (१७४२–८६) यांनी हायड्रोसायानिक अम्ल हे तीव्र विष तयार केले, तेव्हा त्याच्या वर्णनात त्याची चवही नोंदविली. ते वयाच्या ४३ व्या वर्षी वारले. आर्सेनिक, पारा इत्यादींच्या संयुगांशी दीर्घकाळ आलेला संबंध त्यास कारणीभूत झाला असावा, असे मानतात. फ्रेंच शास्त्रज्ञ प्येअर ल्वी द्यूलाँ (१७८५–१८३८) यांनी नायट्रोजन ट्रायक्लोराइड या अतिस्फोटक द्रवाच्या शोधात एक डोळा व हाताची बोटे गमावली. त्याच द्रवाच्या स्फोटाने १८१२ मध्ये सर हंफ्री डेव्ही यांच्या डोळ्यांस इजा झाली व काही काळ त्यांना लिहिता येईना. त्यांच्या लेखनकामासाठी ज्या तरुणास बोलावण्यात आले, तो म्हणजे मायकेल फॅराडे. पुढे या द्रवावरील कामात फॅराडे यांनाही दुखापत झाली. आज प्रत्येक शाळेत ज्यांच्या नावाचा ज्वालक आढळतो, त्या रोबेर्ट बन्सन (१८११–९९) यांची एका डोळ्याची दृष्टी आर्सेनिकाच्या कॅकोडिल संयुगांवर संशोधन करताना झालेल्या स्फोटात गेली व विषबाधेमुळे त्यांच्या प्राणावरही बेतले होते.

अशा घटना शास्त्रज्ञांच्या चरित्रांत शौर्यकथा म्हणून सांगितल्या जातात. कृत्रिम मधुरकांच्या शोधाची कथा तर विनोद म्हणूनच सांगतात. १८७९ मध्ये कॉन्स्टंटीन फालबर्ग यांना प्रयोगशाळेतून परतल्यावर जेवताना हाताला गोड चव लागली आणि त्यातून सॅकॅरिनाचा शोध लागला. १९६५ मध्ये जेम्स श्लॅटर यांनी कागद उचलण्यासाठी बोट जिभेला लावले व ॲस्पार्टेमाची गोडी कळून आली. या दोन्ही कथांतून खरोखर एवढेच सिद्ध होते की, प्रयोगशाळेतील पदार्थ हातांवरून तोंडात जातात आणि ते गेल्याचे त्या व्यक्तीस कळतही नाही. तो पदार्थ गोड होता हा योगायोग होय. प्रयोगशाळेत खाणे-पिणे वर्ज्य असणे आणि बाहेर पडताना साबणाने हात धुणे या नियमांचे सर्व समर्थन त्यात येते.

प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांनी स्वहस्ते प्रयोग करून शिकावयाची पद्धत यूस्टुस फोन लीबिक (१८०३–७३) यांनी १८२४ नंतर जर्मनीतील गीसेन येथे रूढ केली व तेथून ती जगभर पसरली. शास्त्रज्ञापुरता मर्यादित असलेला धोका त्यामुळे प्रथमच वर्गावर्गांत पोहोचला. सुरक्षिततेची पद्धतशीर मांडणी मात्र त्यानंतर पुष्कळ उशिरा झाली.

डोळ्यांचे संरक्षण : विद्यार्थी-प्रयोगशाळेत कापणे व भाजणे या इजा वारंवार होतात; पण त्या बहुधा भरून येतात. कायमची हानी होण्याची शक्यता डोळ्याच्या बाबतीत सर्वाधिक असते. परीक्षा नलिकेत द्रव तापविताना तळाशी एकाएकी वाफेचा मोठा बुडबुडा निर्माण होतो आणि वरचा सर्व द्रव पिचकारीसारखा बाहेर फेकला जातो. अरुंद नलिकेत, तळाशी स्थिर धरलेल्या ज्योतीवर आणि साका (न विरघळणारा गाळ) असलेल्या द्रवात हे हटकून घडते. म्हणून नलिका तिरपी धरून, द्रवाच्या वरच्या थरापासून सुरुवात करून, ती सतत हलवीत तापवावी आणि तिचे तोंड स्वतःकडे वा शेजाऱ्याकडे नसावे, असा संकेत आहे. या संकेतातील ‘शेजारी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आपला प्रयोग संपवून वही लिहीत बसलेल्या विद्यार्थ्यालाही इजा होऊ शकते. त्यामुळे खोलीत कोणाचाही प्रयोग चालू असेतो सर्वांनीच संरक्षक चष्मा वापरावयास हवा. दृष्टिदोषासाठी वापरण्यात येणारा नेहमीचा चष्मा त्याऐवजी चालत नाही, कारण द्रवाचे शिंतोडे बाजूंनी व खालून आत येतात.

अम्लापेक्षा क्षारक सौम्य असते, असा समज सार्वत्रिक आहे व तो डोळ्याच्या बाबतीत घातक आहे. संहत अम्लामुळे डोळ्याच्या पृष्ठभागावरील प्रथिने साखळतात व त्यांचा थर पुढील प्रवेशास काही अंशी अडथळा करतो. सोडियम हायड्रॉक्साइडासारखे तीव्र क्षारक मात्र ऊतकांतील (समान कोशिकांच्या समूहांतील) मेदांचा साबण बनवीत व प्रथिने विरघळवीत आत शिरत राहते. वेदना थांबली म्हणजे इजा थांबली असे त्यात नसते. डोळ्यात कोणतेही रसायन गेल्यास ताबडतोब पापण्या उघड्या धरून वाहत्या स्वच्छ पाण्याने किमान १५ मिनिटे धुणे व तसेच धुणे चालू ठेवून नेत्रवैद्याकडे नेणे, हा उपचार आहे. जुन्या प्रायोगिक पुस्तकांत अम्लासाठी सोडियम बायकार्बोनेटाचा व क्षारकासाठी बोरिक अम्लाचा विरल विद्राव डोळ्यात घालण्यास सांगितलेले आढळते व काही प्रयोगशाळांच्या भिंतींवर तसे तक्तेही लावलेले असतात. हा उपचार आता त्याज्य मानतात. विद्राव शोधण्यात जाणारी मिनिटेच निर्णायक असतात. शिवाय उदासिनीकरणात उष्णता निर्माण होते.

अम्लांचे विरलीकरण : संहत सल्फ्यूरिक अम्लाची घनता पाण्याच्या सु. १·८४ पट असते आणि ते पाण्यात मिसळताना फार मोठी उष्णता बाहेर पडते. अम्लावर पाणी ओतल्यास हलके पाणी वर तरंगते, संपर्काच्या पातळ थरातच सर्व उष्णता साठते, तो थर उकळतो व अम्लासह उसळतो. उलट भरपूर पाण्यात अम्लाची बारीक धार ढवळत सोडल्यास ते जड असल्यामुळे तळाकडे जाते व उष्णता सर्व पाण्यात वाटली जाते. नियम तोच असला, तरी हे कारण समजलेल्या विद्यार्थ्यास तो उलटा आठवण्याचा संभव राहत नाही. दाहक सोडा पाण्यात विरघळवितानाही पुष्कळ उष्णता निर्माण होते. तो जाड काचेच्या बाटलीत विरघळविल्यास बाटली तडकते, म्हणून चंचुपात्र वापरतात.

पिपेट तोंडाने ओढण्याची सवय हा अम्ल-क्षारक अनुमापनाचा जुना वारसा आहे. सूक्ष्मजंतुविज्ञानात तिचे परिणाम लवकर लक्षात आले. आंत्रज्वराच्या जंतूंचे संवर्धन पिपेटमधून तोंडात गेल्याची नोंद १८९३ मधील आहे. पिपेटचे टोक द्रवाबाहेर येताच हवेबरोबर द्रव वेगाने वर उसळतो व हे डोळ्याला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. रबरी फुग्याची किंमत अल्प असल्याने या सवयीचे समर्थन करता येत नाही.

ज्वालाग्राही द्रव : द्रव स्वतः जळत नसून त्याची वाफ जळते, हे लक्षात घेतल्याशिवाय या द्रवांचे वर्तन समजत नाही. ज्या किमान तापमानास द्रवावरील वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते, त्यास प्रज्वलनांक म्हणतात. तो डाय-एथिल ईथराचा सु. −४५° से., ॲसिटोनाचा सु. −२०° से., मिथेनॉलाचा सु. ११° से. व एथिल अल्कोहॉलाचा सु. १३° से. आहे. म्हणजे महाराष्ट्रात कोणत्याही ऋतूत, बहुतेक सर्व ठिकाणी, हे द्रव उघडे असताना पेट घेण्यास सिद्धच असतात. ईथराची वाफ हवेच्या अडीच पटींहून अधिक जड असल्यामुळे ती टेबलावरून खाली उतरून जमिनीलगत दूरवर पसरते. खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या ज्योतीपासून ती पेटून आग मागे बाटलीपर्यंत धावत आल्याची उदाहरणे आहेत. म्हणून ईथर वापरावयाच्या दिवशी खोलीत एकही ज्वालक पेटलेला नसावा. ईथराचा उत्कलनबिंदू ३४·६° से. असल्याने विदर्भात उन्हाळ्यात, जेव्हा दुपारचे तापमान ४४° से. च्याही वर जाते, बंद कपाटातील बाटलीत दाब साचतो व बूच उडते. संहत अमोनियाच्या बाटलीचेही तसेच आहे. ती थंड पाण्यात ठेवून मगच, तोंड दूर वळवून, उघडतात. थंड देशांत लिहिलेल्या पाठ्यपुस्तकांतील सूचनांत या बाबींवर पुरेसा भर नसतो. पिवळा फॉस्फरस सु. ३०° से. लाच हवेत पेट घेतो, तेव्हा तो पाण्याखालीच कापणे ही आपल्याकडे केवळ औपचारिकता राहत नाही.

सर्वांत बोधप्रद उदाहरण मिथेनॉलाचे आहे. निरनिराळ्या धातूंच्या लवणांमुळे ज्योतीला येणारे रंग दाखविण्यासाठी, बशांतील लवणांवर मिथेनॉल ओतून ते पेटविण्याचे प्रात्यक्षिक अमेरिकेतील शाळांत लोकप्रिय होते. रंग फिके पडू लागले, म्हणजे शिक्षक मोठ्या बाटलीतून आणखी मिथेनॉल ओतत. मिथेनॉलाची ज्योत प्रकाशात जवळजवळ दिसत नाही; विझल्यासारखी वाटणारी बशी जळत असते किंवा निदान तापलेली असते. ओतल्या जाणाऱ्या धारेवरून ज्योत बाटलीत शिरते व बाटलीतील वाफ पेटून जळता द्रव समोर बसलेल्या विद्यार्थ्यांवर फेकला जातो. २००६ मध्ये ओहायओ राज्यातील एका शाळेत अशा घटनेत एक विद्यार्थिनी गंभीररीत्या भाजली. रासायनिक अपघातांचे अन्वेषण करणाऱ्या अमेरिकेच्या संघराज्यीय मंडळाने २०१३ च्या अखेरीस तिच्या निवेदनावर आधारित इशाऱ्याची चित्रफीत प्रसृत केली. त्यानंतर काही आठवड्यांतच, जानेवारी २०१४ मध्ये, न्यूयॉर्क शहरातील एका माध्यमिक शाळेत तेच प्रात्यक्षिक, त्याच चुकीसह झाले व दोन विद्यार्थी भाजले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डेन्व्हर व रीनो येथेही मिथेनॉलाच्या प्रात्यक्षिकांत मुले भाजली. यांतील कोणतीही घटना अज्ञात रसायनामुळे वा नव्या प्रयोगामुळे घडली नाही. प्रयोग अनेकदा निर्विघ्न पार पडलेला असणे, हेच निष्काळजीपणाचे कारण झाले. भारतीय शाळांत ज्योत-परीक्षा पूर्वापार प्लॅटिनमाच्या तारेवर लवणाचा कण घेऊन करतात. त्यात रंग तेच दिसतात आणि पेटण्यासारखे काही नसते.

आपल्याकडे याचेच लहान रूप स्पिरिटच्या दिव्यात आढळते. ज्या शाळांत वायूची सोय नाही तेथे हा दिवा वापरतात. तो जळत असताना किंवा गरम असताना त्यात स्पिरिट ओतणे, तसेच एका दिव्यावर दुसरा तिरपा धरून पेटविणे, या दोन्ही कृतींत वरील घटनाक्रमच घडतो. स्पिरिटची मोठी बाटली वर्गात आणूच नये. दिवे तास सुरू होण्यापूर्वी दुसऱ्या खोलीत भरून ठेवावेत. २०२० नंतर हात निर्जंतुक करण्यासाठी सर्वत्र वापरात आलेल्या द्रवांत ६० टक्क्यांहून अधिक अल्कोहॉल असते, हेही ज्वालकाजवळ बसणाऱ्या विद्यार्थ्यास सांगणे आवश्यक असते.

वेश : सुती अंगरखा (ॲप्रन) वापरण्यामागे कपडे डागळू नयेत, हा हेतू गौण आहे. नायलॉन, पॉलिएस्टर इ. कृत्रिम धागे जळताना वितळतात व कातडीला चिकटून खोल जखमा करतात. सुती कापड तसे करीत नाही व झटकन काढून टाकता येते. कॅलिफोर्नियातील एका विद्यापीठात डिसेंबर २००८ मध्ये हवेत आपोआप पेट घेणारे एक कार्बनी लिथियम संयुग सिरिंजमधून उडाले. संशोधन साहाय्यक तरुणीच्या अंगावर ॲप्रन नव्हता व कृत्रिम धाग्यांचा स्वेटर होता. ती जानेवारी २००९ मध्ये मरण पावली. या घटनेवरून फौजदारी खटलाही उभा राहिला. ओढणी, साडीचा पदर व मोकळी वेणी ज्वालकावर किंवा फिरत्या यंत्रात जाऊ नये म्हणून ॲप्रनच्या आत खोचणे आणि चपलांऐवजी बंद बूट घालणे, या सूचना अशा घटनांच्या संदर्भात पाहिल्या पाहिजेत. काँटिकटमधील एका विद्यापीठाच्या कर्मशाळेत २०११ मध्ये केस लेथमध्ये अडकून एक विद्यार्थिनी दगावली. ती रात्री एकटीच काम करीत होती.

हातमोज्यांनी मिळणारी सुरक्षितता मर्यादित असते. डाय-मिथिल पारा या संयुगाचे काही थेंब १९९६ मध्ये रबरी (लॅटेक्स) हातमोज्यातून आरपार गेले व त्यावर काम करणाऱ्या रसायनशास्त्रज्ञ कॅरेन वेटरहान यांचा जून १९९७ मध्ये मृत्यू झाला. त्यांनी त्या काळी उपयुक्त समजली जाणारी काळजी घेतली होती. हातमोजा कोणत्या द्रवाला किती वेळ अडवितो हे पाहूनच तो निवडावा लागतो. शिवाय हातमोजे घालून ज्वालक हाताळणे वा दाराची मूठ धरणे, हे नवे धोके निर्माण करते.

विषारी वायू व बाष्पे : गुणात्मक विश्लेषणात पिढ्यान् पिढ्या वापरण्यात आलेला हायड्रोजन सल्फाइड हा सडक्या अंड्यांसारख्या वासाचा वायू अत्यंत अल्प प्रमाणातही ओळखू येतो. त्यामुळे वास गेला म्हणजे वायू गेला, असे वाटते. परंतु हवेत त्याचे प्रमाण दहा लक्ष भागांत सु. १०० भागांच्या पलीकडे गेले की घ्राणेंद्रिय बधिर होते व वास येणे थांबते. म्हणजे वासाचा इशारा सर्वाधिक गरजेच्या वेळीच बंद पडतो. किप उपकरण म्हणून वर्गाबाहेर किंवा वायू खेचून बाहेर टाकणाऱ्या कपाटात ठेवतात. पुष्कळ ठिकाणी असे कपाट रसायने साठविण्यासाठी वापरले जाते, त्याचा पंखा नादुरुस्त असतो किंवा त्याची काच कायम वर असते. अशा स्थितीत ते नसल्यासारखेच होय. कोणत्याही वायूचा वास घ्यावयाचा असल्यास नाक नलिकेवर न धरता हाताने थोडी हवा आपल्याकडे वळवितात.

पाऱ्याची बाष्पे वासहीन असतात. तापमापक फुटून सांडलेला पारा फरशीच्या सांध्यांत व टेबलाच्या भेगांत शिरून महिनोन् महिने बाष्परूपाने बाहेर पडत राहतो. २०° से. तापमानास पाऱ्याच्या बाष्पाने संपृक्त झालेल्या हवेतील त्याचे प्रमाण कामाच्या जागेसाठी मान्य असलेल्या मर्यादेच्या शेकडो पट असते. केरसुणीने झाडल्यास थेंब फुटून त्यांचे पृष्ठफळ वाढते. ते ड्रॉपरने किंवा दोन कागदांच्या साहाय्याने गोळा करून पाण्याखाली बंद बाटलीत ठेवावेत. सोन्याची अंगठी व बांगड्या त्यापूर्वी काढाव्यात, कारण सोन्याचे पाऱ्याशी पारदमेल (मिश्रधातू) बनते. पाऱ्यावर नियंत्रण आणणारा मिनामाता आंतरराष्ट्रीय करार २०१७ मध्ये अमलात आला व भारताने त्यास २०१८ मध्ये अनुसमर्थन दिले. शालेय कामास अल्कोहॉलाचे वा इलेक्ट्रॉनीय तापमापक पुरेसे असतात.

काही नित्याचे प्रयोग : उच्च माध्यमिक व पदवी अभ्यासक्रमांतील काही कृतींत धोका दडलेला असतो. लॅसेन परीक्षेत कार्बनी पदार्थ सोडियमाबरोबर लहान नलिकेत लाल होईपर्यंत तापवून ती नलिका पाण्यात बुडवून फोडतात. सोडियम शिल्लक राहिलेले असल्यास पाण्याशी त्याची जोरदार विक्रिया होऊन काचेचे तुकडे व दाहक द्रव उडतात. सोडियमाचा तुकडा मसुराच्या दाण्याएवढाच घेणे, पूर्ण तापविणे आणि नलिका बुडविताच पात्र तारेच्या जाळीने झाकणे, हे त्यावरील उपाय होत. क्लोरोफॉर्म, कार्बन टेट्राक्लोराइड यांसारखे द्रव सोडियमाबरोबर तापविल्यास स्फोट होऊ शकतो. ते या परीक्षेसाठी अज्ञात पदार्थ म्हणून देऊच नयेत.

आल्डिहाइडे ओळखण्यासाठी वापरावयाचा टॉलेन्स विक्रियाकारक (अमोनियायुक्त सिल्व्हर नायट्रेट) दिसावयास निरुपद्रवी असतो. तो काही तास ठेवल्यास त्यातून काळा साका पडतो व तो नुसत्या स्पर्शानेही स्फोट पावू शकतो. हा विक्रियाकारक म्हणून लागेल तेवढाच, लागेल तेव्हा नलिकेतच बनवितात व काम होताच विरल नायट्रिक अम्ल घालून नष्ट करतात. प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी तो बाटलीभर करून ठेवण्याची प्रथा सोयीची खरी, पण तीच सर्वांत धोक्याची आहे. पोटॅशियम परमँगॅनेटाच्या भुकटीवर संहत सल्फ्यूरिक अम्ल पडल्यास स्फोटक मँगॅनीज हेप्टॉक्साइड तयार होते. वुल्फ बाटलीत जस्त व विरल अम्ल यांपासून हायड्रोजन बनविताना सुरुवातीस बाटलीत हवा असते. हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्के या विस्तृत मर्यादेत स्फोटक असल्याने, बाटलीपासून दूर नेलेल्या परीक्षा नलिकेतील नमुना आवाज न करता जळेपर्यंत वाहक नळीजवळ ज्योत नेऊ नये. अमोनियम डायक्रोमेटाचा ‘ज्वालामुखी’ विज्ञान प्रदर्शनांत अजूनही दाखविला जातो. षट्‌संयुजी क्रोमियमाची संयुगे कर्करोगकारक असल्याने तो वगळणेच बरे.

पदार्थाचे प्रमाण हा सुरक्षिततेतील सर्वांत परिणामकारक, पण सर्वांत दुर्लक्षित घटक आहे. टेक्ससमधील एका विद्यापीठात जानेवारी २०१० मध्ये एका स्फोटक धातुसंयुगाची तयारी एकावेळी १०० मिग्रॅ. एवढीच करावी, असे ठरलेले असताना ते सु. १० ग्रॅ. करण्यात आले. स्फोटात संशोधक विद्यार्थ्याने हाताची तीन बोटे गमावली. शालेय पातळीवर याच तत्त्वाचा उपयोग सूक्ष्ममात्रा पद्धतीत केला जातो. परीक्षा नलिकांऐवजी खळगे असलेल्या पट्ट्या व थेंबांनी मोजलेले विद्राव वापरल्यास निरीक्षणे तीच मिळतात, धूर व टाकाऊ द्रव नगण्य राहतात आणि खर्चही कमी होतो. चष्मा व हातमोजे अपघात घडल्यावर उपयोगी पडतात. प्रमाण घटविणे किंवा पदार्थच बदलणे यांमुळे अपघातच लहान होतो किंवा घडत नाही.

अन्य शाखा : भौतिकीच्या प्रयोगशाळेत मुख्य धोका विजेचा आहे. भारतात घरगुती पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ असतो. छातीतून जाणारा काही दशक मिलिअँपिअर प्रवाह हृदयाची लय बिघडविण्यास पुरेसा असतो व ओल्या हातांचा रोध कमी असल्याने तेवढा प्रवाह सहज वाहतो. कोकणातील पावसाळी दमटपणात लाकडी टेबलेही ओल धरतात. भूयोजन आणि ३० मिलिअँपिअर गळतीस पुरवठा तोडणारा विच्छेदक हे त्यावरील उपाय होत. स्वस्त लेसर दर्शकांची शक्ती लेबलावरील आकड्यापेक्षा पुष्कळ अधिक असू शकते, म्हणून शलाका नेहमी डोळ्याच्या पातळीखाली ठेवतात. काचेची नळी बुचात घालताना तुटून तळहातात शिरणे, ही सर्वच शाखांत आढळणारी इजा आहे. नळीची कड ज्योतीत गुळगुळीत करून, ग्लिसरीन लावून, फडक्यात धरून, बुचाजवळ पकडून ती फिरवीत घालावी. जीवविज्ञानात शालेय संवर्धने ३७° से. ऐवजी सु. २५° से. ला वाढवितात, कारण शरीराच्या तापमानास रोगकारक जंतू अधिक जोमाने वाढतात. ती बंद अवस्थेतच पाहून दाबाखालील वाफेत (१२१° से.) निर्जंतुक करून टाकतात.

प्रथमोपचार : त्वचेवर अम्ल वा क्षारक पडल्यास कपडे काढून भरपूर पाण्याने बराच वेळ धुणे हाच उपचार होय. फिनॉलाने त्वचा बधिर होत असल्यामुळे भाजल्याचे उशिरा कळते. ते त्वचेतून शोषलेही जाते. भाजलेल्या भागावर सु. २० मिनिटे साधे गार पाणी सोडतात. बर्फ, तेल, हळद वा दंतमंजन लावीत नाहीत. रसायन गिळल्यास ओकारी करवीत नाहीत, कारण दाहक द्रव अन्ननलिकेतून दुसऱ्यांदा जातो. कपडे पेटल्यास धावू न देता आडवे करून लोकरी घोंगडीत गुंडाळतात किंवा पाण्याच्या फवाऱ्याखाली नेतात. सोडियमाच्या आगीवर कोरडी वाळू टाकतात. बादलीतील वाळू कोरडी आहे की नाही, हे पावसाळ्यानंतर पाहावे लागते.

साठवण, नोंदी व विल्हेवाट : रसायने वर्णानुक्रमाने मांडण्याची सोयीची पद्धत सदोष आहे. तीत ॲसेटिक अम्लाशेजारी अमोनियम नायट्रेट येऊ शकते. ज्वालाग्राही, ऑक्सिडीकारक, अम्ले व विषे असे गट करून ती वेगळी ठेवतात आणि जड बाटल्या खालच्या फळीवर असतात. संयुक्त राष्ट्रांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एकरूप वर्गीकरण पद्धतीतील लाल किनारीच्या चौकटीतील नऊ चिन्हे आता बाटल्यांवर आढळतात. आयात केलेल्या बाटलीवरील इंग्रजी मजकूर न समजणाऱ्या साहाय्यकासही ती उपयोगी पडतात. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने अम्लहल्ल्यांच्या संदर्भात १८ जुलै २०१३ रोजी दिलेल्या आदेशानुसार शैक्षणिक संस्था व प्रयोगशाळा यांनी अम्लांच्या वापराची नोंदवही ठेवून ती उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे दाखल करावयाची असते, साठ्यास एक व्यक्ती जबाबदार असावी लागते व बाहेर पडणाऱ्यांची तपासणी करावी लागते.

जुना साठा हा प्रत्येक संस्थेतील अडचणीचा विषय असतो. लेबल गळालेल्या बाटल्या, वाळून स्फटिकरूप झालेले पिक्रिक अम्ल, हवेने पेरॉक्साइडे तयार झालेले ईथर हे पदार्थ कपाटात पडून असतात आणि ते आणणारे प्राध्यापक निवृत्त झालेले असतात. दिल्लीतील एका विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी उद्‌गम असलेले एक उपकरण १९८५ पासून वापराविना पडून होते. फेब्रुवारी २०१० मध्ये ते भंगार म्हणून लिलावात विकले गेले. मायापुरी येथील भंगार बाजारात ते सुटे करण्यात आले, तेव्हा आत काय आहे याची कल्पना तेथील कामगारांना नव्हती. एप्रिलमध्ये किरणोत्सर्गाच्या बाधेची लक्षणे दिसू लागल्यावर उलगडा झाला. अनेकांना रुग्णालयात ठेवावे लागले व त्यांपैकी एकाचा मृत्यू झाला.